नीडल फिश पाळताय? मग या चुका टाळा

चोच, म्हणजे लांब जबडे, मोडलेल्या नीडल फिशचा फोटो कुणी पाठवला की मी आधी टँकची लांबी विचारतो. उत्तर बहुतेक वेळा ‘दोन फूट’ असंच येतं. हा मासा, झेनेंटोडॉन कॅन्सिला, आपल्याच नद्यांमधला. दुकानात बोटभर दिसतो, पण 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, कधी 40 पर्यंतही. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर, दोन्ही पार शेपटीजवळ. त्यामुळे तो पाण्याच्या वरच्या थरात निश्चल थांबतो आणि क्षणात बाणासारखा सुटतो. सुटल्यावर थांबायला जागा लागते. ती नसली की तोंड काचेवर.

पण लांब टँक घेतला म्हणजे झालं, असंही नाही. साताऱ्यात ओळखीच्या एकाने चार फुटी टँक लावला होता. फिल्टर चांगला, पाणी नितळ. एका रात्री पाहुण्यांना मासे दाखवायचे म्हणून त्याने अंधाऱ्या खोलीत थेट टँकचा एलईडी लावला. तिन्ही मासे उधळले. एकाचा खालचा जबडा टोकाशी मोडला, वरचा वाकला. पुढे तो मासा खाण्यावर झेप घ्यायचा आणि दर वेळी घास निसटायचा. खंगून मेला बिचारा. पाणी बदल, औषध टाक असं त्याला सगळे सांगत होते. मोडलेल्या चोचीवर कसलं औषध?

मी आधी खोलीतला दिवा लावतो, चहा होईपर्यंत थांबतो आणि मग टँकचा लावतो. रात्री टँकचा आधी बंद, खोलीचा नंतर. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून काळा कागद, वर तरंगत्या वनस्पती. उंची एक-सव्वा फूट पुरे, रुंदी मात्र दीड-दोन फूट हवीच. उंच शोभेचा टँक या माशाला काय कामाचा? तो वरचा थर सोडून फारसा खाली उतरत नाही.

हा मासा बाहेर उडी मारतो, म्हणून झाकण घट्ट हवं. फिल्टरच्या पाइपसाठी ठेवलेली फटसुद्धा स्पंजने बुजवा.

दुसरी चीड आणणारी चूक खाण्याची. हा छोटे जिवंत मासे खातो, मग लोक ते कुठूनही आणतात. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गटारांत, डबक्यांत गप्पी मासे सोडलेले असतात. ते फुकट मिळतात म्हणून जाळी घेऊन जाणारे मी पाहिलेत. अशा पाण्यावर कीटकनाशकाची फवारणीही होते, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. दुकानातले स्वस्त गप्पी दाटीवाटीत ठेवलेले असतात, त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घरी येतो. गोल्डफिश तर अजिबात नको. त्यात थायामिनेज नावाचं एंझाइम असतं आणि ते ब1 जीवनसत्त्व नष्ट करतं. मी गप्पी घरीच वेगळ्या टबात वाढवतो. नवा मासा रुळला की सोललेल्या कोळंबीचे बारीक तुकडे फिल्टरच्या प्रवाहात सोडायचे. तुकडा हलता असेल तरच तो झडप घालतो. तळाशी बसलेला तुकडा लगेच काढा. आठवड्याभरात पेलेट, म्हणजे कोरडं दाणेदार खाद्य, खायला लागेल अशी अपेक्षा असेल, तर कृपा करून दुसरा मासा घ्या.

टँक भरला त्याच दिवशी मासा आणू नका. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला महिनाभर द्या. ‘आज टाका, उद्या मासे सोडा’ म्हणणाऱ्या जिवाणूंच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही.

दुकानदार मीठ टाकायला सांगेल. नको, हा गोड्या पाण्यातला मासा आहे.

टेट्रा, गप्पी असे छोटे मासे शेजारी म्हणून ठेवू नका, खाऊन टाकेल. चावरे सिक्लिड मासेही नकोत.

आणि नीडलला दुकानात ‘गार’ही म्हणतात, पण नुसतं ‘गार’ म्हणून काहीही विकत घेऊ नका. त्या नावाखाली अ‍ॅलिगेटर गार या अमेरिकेतल्या शिकारी माशाची पिल्लंही विकली जातात, आणि तो दोन मीटरच्या वर जातो. 2023 मध्ये असा मासा श्रीनगरच्या दल सरोवरात सापडला होता. तोंड रुंद आणि खवले कडक, चौकटीचे दिसले तर हात लावू नका. नीडलचे दोन्ही जबडे लांब आणि अगदी बारीक असतात. चुकून गार घरी आलाच असेल, तर दुकानदाराला परत करा. नदी-तळ्यात सोडायचा नाही.