क्रेडिट कार्डाची लिमिट अचानक कमी झाली? आधी काय पाहायचं, कुणाला काय लिहायचं

लिमिट कमी केल्याचा एसएमएस जाहिरातींच्या गर्दीत हरवतो आणि कार्ड नाकारलं जातं ते नेमकं भर दुकानात. नाशिकच्या मेन रोडवर लग्नाचा बस्ता बांधून झालाय, बिल तयार आहे, मागे चार माणसं उभी आहेत आणि मशीनवर ‘डिक्लाइन्ड’ येतं. अशा वेळी राग येणारच. पण कस्टमर केअरला फोन लावून भांडण्याआधी काही कामं आहेत आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. लिमिट किती ठेवायची हे बँक ठरवते. तो निर्णय चुकीच्या माहितीवर झाला असेल, तर ती माहिती दुरुस्त करून घेणं मात्र तुमच्या हातात आहे. म्हणून सगळा जोर कारण शोधण्यावर लावा.

लिमिट खरंच कमी झालीय का?

ॲपमध्ये दोन आकडे दिसतात: एकूण लिमिट आणि उपलब्ध लिमिट. एकूण आकडा तोच असेल आणि फक्त उपलब्ध रक्कम घटली असेल, तर बँकेने काही कापलेलं नाही. मोबाइल ईएमआयवर घेतला की त्याची रक्कम लिमिटमधून अडकते आणि हप्ते जातील तशी सुटते. हॉटेलने बुकिंगच्या वेळी रोखून ठेवलेली रक्कम किंवा अजून जमा न झालेला रिफंड हीसुद्धा नेहमीची कारणं. एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर लिमिट बहुधा सामाईक असते. एकावर खर्च झाला की दुसऱ्यावरची घटते.

एकूण आकडाच खाली आला असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि मागच्या बिलाची पीडीएफ उतरवून ठेवा. आधीची लिमिट त्या बिलावर छापलेली असते. पुढे पत्रव्यवहारात तोच पुरावा.

त्याच दिवशी ऑटो-पे हलवा

कार्डावर काय काय लावून ठेवलंय ते आपल्यालाच आठवत नाही. महावितरणचं बिल, मोबाइल, फास्टॅग, ओटीटी आणि विम्याचा हप्ता. यात सगळ्यात आधी विमा हलवा. ओटीटी बंद पडलं तर काही बिघडत नाही. आरोग्य विम्याचा हप्ता चुकला आणि सवलतीची मुदतही निघून गेली तर पॉलिसीच बंद पडते. हप्ता बचत खात्यावर लावा किंवा या वेळेपुरता हाताने भरा.

कार्डावर देणं असलेली रक्कम नव्या लिमिटपेक्षा जास्त असेल, तर वरची रक्कम शक्य तितक्या लवकर भरा. ओव्हरलिमिटचा आकार (लिमिट ओलांडल्याबद्दलचं शुल्क) लागलेला दिसला तर लगेच लेखी हरकत घ्या. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मंजूर लिमिट ओलांडू द्यायची नसते. इथे तर तुम्ही ओलांडलीच नाही, रेषाच खाली आली.

क्रेडिट स्कोअरला फटका कसा बसतो

समजा लिमिट दोन लाख होती आणि वापरलेले होते ५० हजार. म्हणजे वापर २५ टक्के. लिमिट ७५ हजारांवर आणली की तेच ५० हजार ६७ टक्के होतात. तुम्ही एक रुपयाही जास्त खर्च केला नाही, तरी कागदावर तुम्ही ओढगस्तीला आलेले दिसता. वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत असावा असं मानलं जातं. ७५ हजारांच्या लिमिटवर तो आकडा साडेबावीस हजार होतो.

यावर उपाय साधा आहे. देय तारखेची वाट न पाहता, बिल तयार होण्याच्या तारखेआधीच बरीचशी रक्कम भरून टाका. जानेवारी २०२५ पासून बँकांना क्रेडिट ब्युरोंकडे (म्हणजे तुमच्या कर्जांची नोंद ठेवून स्कोअर काढणाऱ्या कंपन्यांकडे) किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणाही लवकर दिसू लागते. फक्त ‘मिनिमम ड्यू’ (बिलावरची किमान देय रक्कम) भरून मात्र थांबू नका. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, आणि पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

कारण शोधा

हाच खरा गाभा, इथे घाई करू नका.

सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ब्युरोंना वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच तो घ्या. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती काढून टाका. आणि नुसता स्कोअर बघून फाइल मिटू नका. प्रत्येक कर्जाची ओळ वाचा.

आपल्या नाशिक भागात दोन ओळी हमखास डोकं वर काढतात. पहिली जामीनदारीची. चुलतभावाने सहकारी बँकेतून गाडीसाठी कर्ज काढलं, तुम्ही सही केली आणि विसरलात. त्याचे हप्ते थकले की ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये जामीनदार म्हणून थकीत दिसतं. दुसरी पीक कर्जाची. नोकरी अंबडच्या कारखान्यात, पगार वेळेवर, कार्डाचं बिल कधी चुकलेलं नाही. पण निफाडची किंवा दिंडोरीची जमीन नावावर आहे आणि सातबारावर बँकेचं पीक कर्ज आहे. घरच्यांनी कर्जमाफी होईल म्हणून नूतनीकरण केलं नाही आणि खातं थकलं. कार्ड देणाऱ्या बँकेला शेत दिसत नाही, थकबाकी दिसते. अशा वेळी कार्डाच्या बँकेशी बोलून उपयोग नाही. आधी ते कर्ज नियमित करा.

‘सेटल्ड’ (कमी रकमेत मिटवलेलं) किंवा ‘रिटन ऑफ’ (बुडीत धरलेलं) असा चुकीचा शेरा, फेडूनही चालू दिसणारं कर्ज, किंवा तुम्ही घेतलेलंच नाही असं कर्ज सापडलं, तर ब्युरोच्या वेबसाइटवर तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. कधीच न घेतलेलं कर्ज म्हणजे पॅनचा गैरवापर असू शकतो. त्यासाठी पोलिसांतही तक्रार करा.

रिपोर्ट स्वच्छ असेल तर आपल्या वापराकडे बघा. कार्डावरून एटीएममधून रोख काढणं, महिनोन्महिने मिनिमम भरणं, थोड्या दिवसांत तीन-चार ठिकाणी कर्जाचे अर्ज करणं, किंवा उलट, कार्ड वर्षभर वापरलंच नसणं, यांतून बँका आपापले अर्थ काढतात. ओळखीच्या दुकानदाराकडे कार्ड घासून रोख घेण्याचा प्रकार तर बँकेला लगेच खटकतो, आणि तो बंदच केलेला बरा. वैयक्तिक कार्डावर दुकानाचा माल भरला जात असेल तर तेही कारण असू शकतं. बहुतेक कार्डांच्या अटींत धंद्यासाठी वापराला मनाई असते.

कधी कधी तुमचा काहीच दोष नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डांच्या थकबाकीवर बँकांसाठीचा जोखीम भार १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे तेवढ्याच उधारीमागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. असा बदल झाला की बँका एकगठ्ठा लिमिट आवळतात आणि त्यात चांगले ग्राहकही भरडले जातात.

बँकेला लेखी विचारा

फोनवर ‘सर, सिस्टिमने केलंय’ यापलीकडे सहसा काही मिळत नाही. ईमेल करा. मजकूर छोटा आणि नेमका असू द्या:

“माझ्या कार्डाची (शेवटचे चार अंक …) लिमिट … रुपयांवरून … रुपये केल्याचे मला दिनांक … रोजी आढळले. ही कपात कोणत्या तारखेला झाली, मला त्याची सूचना कोणत्या माध्यमातून दिली आणि कपातीचे कारण काय, हे कृपया लेखी कळवावे. गेल्या १२ महिन्यांतील माझी सर्व बिले मुदतीत भरलेली आहेत. सोबत पगारपत्रके व आयकर विवरणपत्र जोडले आहे. लिमिटचा फेरविचार व्हावा ही विनंती. तक्रार क्रमांक द्यावा.”

यात सूचनेचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. लिमिट कमी केली तर ग्राहकाला कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. बिलं मुदतीत भरल्याचं वाक्य खरं नसेल तर काढून टाका. बँकेकडे सगळी नोंद असते.

उत्तर आलं नाही तर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेला वरिष्ठ अधिकारी) जा. तक्रारीला ३० दिवस उलटूनही उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण मुद्दा नीट निवडा. ‘माझी लिमिट परत वाढवून द्या’ हा बँकेचा व्यावसायिक निर्णय समजला जातो आणि लोकपाल त्यात पडत नाही. ‘मला कळवलंच नाही’, ‘चुकीचा आकार लावला’, ‘ब्युरोला चुकीची माहिती दिली’ या तक्रारी ऐकल्या जातात.

या काळात सावध राहा

‘तुमची लिमिट पुन्हा वाढवून देतो’ असा फोन आला की ओटीपी सांगू नका, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल उघडू नका. खरी बँक लिमिट वाढवायला ओटीपी तोंडी मागत नाही. फसवणूक झालीच तर त्याच मिनिटाला बँकेकडून कार्ड ब्लॉक करून घ्या आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. दुसरं म्हणजे, घाबरून चार बँकांत नव्या कार्डांचे अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते.

लिमिट परत हवी असेल तर

सहा महिने पूर्ण बिल भरा, वापर कमी ठेवा, मग पगारवाढीचं पत्र किंवा नवं विवरणपत्र जोडून पुन्हा विनंती करा. तेवढं थांबणं शक्य नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. ठेव तारण असल्याने ते तुलनेने सहज मिळतं आणि व्यवहाराची नवी नोंद तयार होते.

पंचवटीत सिंहस्थासाठी लॉजच्या गाद्या-चादरी भरणाऱ्यांना आणि ऑक्टोबर छाटणीच्या वेळी औषधांसाठी कार्ड वापरणाऱ्या द्राक्ष बागायतदारांना वेगळं सांगावंसं वाटतं. हंगामाचं भांडवल कार्डावर उभं करू नका. ऐन गरजेच्या आठवड्यात लिमिट कापली गेली तर दुसरी सोय करायला वेळ उरत नाही. धंद्यासाठी कॅश क्रेडिट (लागेल तसं उचलायचं बँकेचं खेळतं कर्ज) आणि शेतीसाठी किसान क्रेडिट कार्ड हंगामाच्या आधीच मंजूर करून ठेवा. व्याजही कार्डापेक्षा पुष्कळ कमी पडतं.

कार्ड बंदच करायचं ठरवलं तर ते तुमचं सगळ्यात जुनं कार्ड आहे का हे आधी बघा. जुनी नोंद टिकवणं सहसा फायद्याचं असतं, वार्षिक शुल्क नसेल तर नक्कीच. तरीही नको असेल तर रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, सगळी थकबाकी भरा आणि बंद करण्याची विनंती लेखी द्या. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा आणि महिन्याभराने रिपोर्टवर ते खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय का ते तपासा.