ऑफिसात स्टाफचे हेडशॉट काढायचेत? या चुका टाळा

"चाळीस जण आहेत, लंच ब्रेकमध्ये उरकून टाकू." हेडशॉटसाठी, म्हणजे खांद्यापर्यंतच्या चेहऱ्याच्या फोटोसाठी, ऑफिसातून फोन आला की बहुतेक वेळा सुरुवात इथूनच होते. आता हिशेब करा. माणूस स्टुलावर बसणार, कॉलर सारखी करणार, पहिल्या चार-पाच फोटोंत ओठ आवळून धरणार आणि मग कुठे चेहरा सैल पडणार. पाच मिनिटं सहज जातात. म्हणजे चाळीस जणांचे 200 मिनिटं, तेही कुणाचा क्लायंट कॉल लांबला नाही तर. त्यामुळे नावानिशी वेळ वाटून द्या आणि दर तासाला दहा मिनिटं मोकळी सोडा. मोठ्या साहेबांना मानाने पहिला नंबर देऊ नका, पहिल्या दोघा-तिघांवरच लाइट बसवला जातो.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते खोलीमुळे. मोठ्या रूम मीटिंगसाठी बुक असतात, म्हणून फोटोग्राफरला कोपऱ्यातली लहानशी केबिन मिळते. माणूस आणि मागचा पडदा यांच्यात चार-पाच फूट अंतर नसेल तर डोक्याची सावली पडद्यावर उमटते. कॅमेऱ्यालाही समोर पाच-सहा फूट हवेत. जागा नसली की फोटोग्राफर वाइड लेन्स लावून पुढे सरकतो, मग नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. फुल फ्रेम (35 मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 85 मिमीच्या आसपासची लेन्स चेहऱ्याला न्याय देते, पण तिला लांबी लागते. साधारण पंधरा फूट लांब खोली द्या आणि तिथलं टेबल हलतं का, हे आदल्या दिवशीच बघा. कॉन्फरन्स टेबल बऱ्याचदा वायरींसकट जमिनीला ठोकलेलं असतं आणि ते सकाळी नऊला कळतं.

अर्धा गाल निळसर, अर्धा पिवळट दिसतोय? खिडकीचा उजेड आणि छतावरचे दिवे एकमेकांत मिसळलेत. पडदे ओढा, दिवे बंद करा, फक्त फोटोग्राफरचा लाइट ठेवा. छतावरचे दिवे सेन्सरवर चालत असतील तर ते बंद कसे करायचे हे हाउसकीपिंगला आधी विचारा. फ्लॅश नसेल आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील तर दोष दिव्यांच्या लुकलुकण्याचा आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवून बघा. आणि ब्रँडच्या केशरी भिंतीला कुणाला चिकटून बसवू नका, तो रंग गालावर उतरतो.

कपड्यांबद्दल "फॉर्मल्स" एवढाच मेल पुरत नाही. बारीक चौकडी आणि बारीक रेघांवर कॅमेऱ्यात लहरी उठतात. पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा शर्ट विरून जातो. आयकार्डची दोरी आणि खिशातलं पेन दारातच काढून ठेवायला एक ट्रे ठेवा. चष्म्यावर चमक येत असेल तर लाइट वर घ्या आणि काड्या कानावरून किंचित उचला. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर त्या माणसाला आधी काही मिनिटं आत बसू द्या.

रिटचिंगचं, म्हणजे फोटो नंतर कॉम्प्युटरवर किती सुधारायचा याचं, धोरण लेखी ठरवा. पुटकुळी गेली तरी चालेल, पण तीळ राहिला पाहिजे. रंग उजळून द्यायला तर साफ नाही म्हणा, गेटवरचा सिक्युरिटीवाला ओळखेल असाच माणूस फोटोत हवा.

कोटेशन नीट वाचा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काम सांगणारा असतो, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. ही 'पण' छोट्या अक्षरांत लपलेली असते. स्टाफची संमतीही घ्या. वेबसाइटसाठी काढलेला फोटो उद्या होर्डिंगवर लावायचा असेल तर पुन्हा विचारा.

फोटो डोक्याच्या चहूबाजूंनी जागा सोडून मागवा, कारण प्रोफाइलच्या गोल चौकटीत कडा कापल्या जातात. फाइलला कर्मचारी क्रमांक द्या. तीन महिन्यांनी नवा माणूस जॉइन होईल तेव्हा त्याचा फोटो वेगळाच दिसू नये म्हणून सेटअप उतरवण्याआधी स्टूल आणि लाइटच्या जागी जमिनीवर टेप लावून मोबाइलवर फोटो घ्या, अंतरं मोजा आणि कॅमेऱ्याचे आकडेही लिहून घ्या.