घरातल्या मांजराला लस टोचल्यानंतर काय पाहावे, काय करावे

मांजराला लस टोचल्यावर होणारा त्रास साधा आहे की गंभीर, हे ओळखण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे घड्याळ. तीव्र ॲलर्जी काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत उठते. मरगळ आणि कसकस पहिल्या एक-दोन दिवसांत येऊन ओसरते. टोचलेल्या जागची गाठ मात्र आठवड्यांच्या हिशेबाने पाहावी लागते. म्हणून लस कोणती, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि शरीराच्या कोणत्या जागी दिली, हे कार्डावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि कुपीवरचे बॅच क्रमांकाचे लेबलही तिथेच चिकटवून मागावे. पुढे रात्री-बेरात्री फोनवर सल्ला घेण्याची वेळ आली, तर डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.

त्रास होण्याचे प्रमाण मुळात कमी आहे. अमेरिकेत २००२ ते २००५ या काळातील सुमारे पाच लाख लसीकृत मांजरांच्या नोंदी तपासल्या असता, लसीनंतरच्या ३० दिवसांत दर १०,००० मांजरांमागे सुमारे ५२ मांजरांना काही ना काही त्रास झालेला आढळला, आणि त्यात मरगळ हीच तक्रार सर्वाधिक होती. एका वेळी जितक्या अधिक लसी, तितकी ही शक्यता वाढते, असेही त्या नोंदींतून दिसले. त्यामुळे तालुक्याची खेप वाचावी म्हणून तिहेरी लस (मांजरांच्या तीन संसर्गजन्य रोगांवरची एकत्रित लस) आणि रेबीजची लस एकाच दिवशी उरकण्याचा आग्रह आपण धरू नये. डॉक्टरांना सोयीचे वाटत असेल तर दोहोंमध्ये दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

खेड्यातून जाणाऱ्याने दिवस आणि वेळ विचारपूर्वक निवडावी. शनिवारी दुपारी लस घेतली आणि रात्री मांजर बिघडले, तर रविवारी दवाखान्याचे दार बंद सापडण्याची भीती असते. आठवड्याच्या सुरुवातीची सकाळ त्यापेक्षा केव्हाही बरी. एप्रिल-मेमध्ये अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि अशा उन्हात एसटीने किंवा ऑटोने आणलेले मांजर धापा टाकू लागले, तर ती उन्हाची बाधा की लसीची, हे सांगणे जाणत्यालाही अवघड जाते. शक्य असल्यास लसीचे काम हिवाळ्यात करावे, नाहीतर ऊन चढण्याआधी परत पोहोचता येईल असे निघावे. मांजर पोत्यात बांधून नेऊ नये. झाकणाची, हवा खेळणारी बांबूची टोपली आणि आत घरातलेच जुने लुगडे पुरते. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली होती का, हे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. वीज तासन्‌तास जाते तिथे हा प्रश्न रास्तच आहे, आणि लस शहरातून स्वतः आणायची असेल तर ती बर्फाच्या डब्यात आणावी, मात्र गोठू देऊ नये.

लस दिल्यावर किमान अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. गाडी सुटेल म्हणून लगेच निघण्याचा मोह होतो, परंतु तीव्र ॲलर्जीवर तातडीने लागणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दवाखान्यात असते, वाटेवर नसते. या अवधीत टोपली सावलीत ठेवून मांजराकडे लक्ष द्यावे. वारंवार उलट्या, अचानक पातळ जुलाब, चेहऱ्यावर किंवा डोळ्यांभोवती सूज, सतत खाजवणे, तोंड उघडून श्वास घेणे, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर पडणे, उभे राहता न येणे, यांतले काहीही दिसले तर ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. मांजरांत ॲलर्जीचा जोर विशेषतः फुप्फुसांवर आणि पोटावर पडतो, म्हणून अंगावर गांधी दिसण्याची वाट पाहत बसू नये.

हीच लक्षणे घरी पोहोचल्यावर दिसली, तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. मांजराला कुशीवर निजवून मान सरळ ठेवावी, तोंडात पाणी किंवा दूध घालू नये, आणि एकाने फोन लावेपर्यंत दुसऱ्याने गाडी काढावी. जवळचा पशुवैद्यक गाई-म्हशींचाच असला तरी त्याच्याकडेच आधी जावे. त्याच्याजवळ ॲड्रेनलिन असते का, हे लस घेण्यापूर्वीच विचारून ठेवलेले असावे. १९६२ या क्रमांकावरील फिरते पशुवैद्यकीय पथक प्रामुख्याने जनावरांसाठी असले, तरी जवळचा डॉक्टर कुठे मिळेल हे तिथे विचारता येते. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेचा आधार मोठा आहे; पण गडचिरोलीच्या आतल्या गावातून थेट नागपूर गाठण्यात मोलाचा वेळ जातो, म्हणून पहिले इंजेक्शन जवळ आणि पुढचा उपचार मोठ्या ठिकाणी, हाच क्रम ठेवावा.

बहुतेक मांजरांच्या बाबतीत असे काही घडत नाही. ते दिवसभर कूलरसमोर किंवा कोठीच्या कोपऱ्यात पडून राहते, कमी खाते, आणि ज्या पायात सुई टोचली तो पाय जरा जपून टाकते. त्याला निवांत जागा द्यावी, मुलांनी उचलू नये, पाणी जवळ ठेवावे, आणि मीठ-कांदा-लसूण न घालता उकडलेली मासोळी कोमट करून पुढे ठेवावी, कारण वासाने भूक चाळवते. दूध टाळावे, अनेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि मग दुधाने झालेले जुलाब लसीच्या माथी मारले जातात. ताप पाहायचा तर डिजिटल थर्मामीटरचे टोक व्हॅसलीन लावून गुदद्वारात हलकेच सरकवावे, १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे मांजराचे नेहमीचे तापमान आहे, त्यामुळे माणसाच्या मापाने पाहून घाबरू नये. १०४ च्या वर ताप, विश्रांतीत मिनिटाला ४० हून अधिक श्वास, किंवा २४ तास अन्नाला तोंड न लावणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना दाखवावे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतावर चरबी साचून नवेच संकट उभे राहते.

एका गोष्टीबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला अर्धीसुद्धा देऊ नये. हे औषध निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, आणि ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. त्यात ही सूज पाहून घरचे लोक लसीलाच दोष देत राहतात. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनही घरच्या घरी देऊ नये, तसेच टोचलेल्या जागी कापूर, बाम किंवा कडुनिंबाचे तेल चोळू नये, कारण मांजर अंग चाटते आणि लावलेले सारे पोटात जाते.

टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी टणक, न दुखणारी गाठ राहिली तर ती बहुधा काही आठवड्यांत विरते. तिला शेकू नये, दाबू नये. गाठ तीन महिन्यांनंतरही टिकली, तिचा आकार २ सेंटिमीटरपेक्षा मोठा झाला, किंवा लसीनंतर एक महिन्याने ती वाढतच असली, तर तिचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो. अत्यंत विरळ प्रमाणात अशा जागी सार्कोमा हा कर्करोग होतो. याच कारणासाठी मांजराला लस दोन खांद्यांच्या मध्ये न देता पायाच्या खालच्या भागात द्यावी असे सुचवले जाते, कारण तिथे शस्त्रक्रिया करून रोग मुळासकट काढता येतो. लस कुठे द्यावी याविषयी डॉक्टरांशी सुई भरण्याआधीच बोलावे.

एकदा त्रास झाला म्हणून ‘आमचे मांजर घराबाहेर जातच नाही’ असे म्हणत लस कायमची सोडणारे पुष्कळ आहेत. कवेलूच्या घराला आणि उघड्या अंगणाला आत-बाहेर फारसे नसते. वटवाघूळ छपरातून येते, पिसाळलेले कुत्रे अंगणात शिरते, आणि पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू आपल्या चपलांना चिकटूनही घरात येतो. साधी मरगळ किंवा ताप आला असेल तर पुढची लस वेळेवरच घ्यावी. तीव्र ॲलर्जी झाली असेल तर तीच लस पुन्हा परस्पर टोचून घेऊ नये. जुने कार्ड डॉक्टरांसमोर ठेवावे, आणि लसीचा प्रकार बदलणे, आधी ॲलर्जीविरोधी औषध देणे, एका वेळी एकच लस देणे किंवा धोका जास्त वाटल्यास ती वगळणे, हा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. लस द्यायचे ठरलेच, तर त्या दिवशी मांजराला अर्ध्या तासाऐवजी काही तास दवाखान्यात ठेवता येईल का, हे आधीच विचारून घ्यावे.