सोलापूरच्या उन्हात शाळेची परसबाग कशी टिकवायची

जूनमध्ये शाळा भरली की लगेच बी टाकू नका, आपल्याकडं पहिला पाऊस नुसता चकवतो. दोन चांगले पाऊस झाले की भेंडी-गवार लावा, काळ्या मातीत पाणी साचतं म्हणून वाफे उंच घ्या. गणपती उठले की कोपऱ्यात मालदांडी ज्वारी पेरा, हुरड्याच्या आशेनं पोरं राखण पण करतात! थंडीत मेथी-पालक.

खरी परीक्षा एप्रिल-मेत, पारा ४० च्या वर आणि शाळेला सुट्टी. मग रोपाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, रंग दिलेलं नको कारण त्यातून पाणी झिरपत नाही, तोंडावर झाकण आणि भोवती उसाचं पाचट. आमच्याकडं गल्लीतल्या आज्याच मडकी भरतात, बदल्यात कढीपत्ता पाहिजे तेवढा तोडून नेतात.