एसीई इन्हिबिटर स्क्रीनिंग: पहिल्या रनला ९०% दिसले तर आधी थांबा

हिरडा, बेहडा, अर्जुनाची साल, धावडा. मेळघाट-गडचिरोलीकडून प्रोजेक्टसाठी येणाऱ्या पिशव्यांवर हीच नावं पुन्हा पुन्हा दिसतात. रक्तदाब वाढवणाऱ्या एसीई या एन्झाइमला अडवणारं झाड शोधायचं असतं. अर्क काढला, एसीईवर टाकला की पहिल्याच रनला ८०-९०% इन्हिबिशन, म्हणजे एन्झाइम तेवढं थांबलं. गाईड खूश, पोट्टे खूश. पण ही सगळी टॅनिनची झाडं आहेत बाप्पा! टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं. एसीई असो, ट्रिप्सिन असो, की कातडं कमावणाऱ्याच्या हौदातलं चामडं. त्याला रक्तदाबाशी देणंघेणं नाही.

आधी कृती. कुशमन-च्यूंग पद्धत १९७१ची आहे आणि तालुक्याच्या कॉलेजातही जमते. एचपीएलसीचं महागडं यंत्र नाही म्हणून रडू नका. बफर सोडियम बोरेटचा, पीएच ८.३, त्यात ०.५ मोलर मीठ, म्हणजे १०० मिलीला २.९२ ग्रॅम. मीठ चवीपुरतं नाही, क्लोराइडशिवाय एसीई नीट चालतच नाही. या बफरच्या १० मिलीत ३५.६ मिग्रॅ एचएचएल (हिप्पुरिल-हिस्टिडिल-ल्युसिन) विरघळवा, ८.३ मिलिमोलर होतं. एसीई हेच तोडतं आणि सुटलेलं हिप्पुरिक अॅसिड आपण शेवटी मोजतो. ट्यूबमध्ये अर्क ५० मायक्रोलिटर, एन्झाइम ५० मायक्रोलिटर (मिलीला ४० मिलियुनिट), ३७ अंशांवर १० मिनिटं. मग एचएचएल १५० मायक्रोलिटर आणि ३० मिनिटं. १ नॉर्मल एचसीएल २५० मायक्रोलिटर टाकून थांबवा. दीड मिली इथाइल अॅसिटेट, १५ सेकंद व्होर्टेक्स, सेंट्रिफ्यूज, वरचा थर बरोबर १ मिली काढा. हुडखाली १२० अंशांवर पूर्ण सुकवा, १ मिली पाण्यात घ्या, २२८ नॅनोमीटरला वाचा. ब्लँक (एन्झाइमचं काम न झालेली ट्यूब) वजा जाता कंट्रोल (अर्काशिवायची ट्यूब) ०.३५च्या आसपास यायला हवा. क्युवेट क्वार्ट्झचीच, काच नि प्लॅस्टिक २२८ला आंधळे असतात.

इथाइल अॅसिटेट जरा जरी उरलं तरी २२८ला आकडा वर चढतो. आणि नवतप्यात ते टिपमधून आपोआप गळतं. टिप दोन-तीनदा त्याच द्रावणाने ओली करून मगच माप घ्या, नाहीतर तिन्ही ट्यूब तीन गोष्टी सांगतील.

आता ब्लँक. याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण थीसिस इथेच बुडतात. बरेच जण एकच रिएजंट ब्लँक, म्हणजे अर्काशिवायचा, लावतात. पण अर्कातली टॅनिनसारखी पॉलिफेनॉलं इथाइल अॅसिटेटमध्ये उतरतात आणि २२८ला स्वतःच शोषण दाखवतात. समजा कंट्रोल ०.४०, रिएजंट ब्लँक ०.०५, नमुना ०.२५. इन्हिबिशन आलं ४३%. आता प्रत्येक अर्काचा, प्रत्येक मात्रेचा वेगळा ब्लँक लावा: अर्क तोच, पण एचसीएल आधी आणि एन्झाइम नंतर. तो ०.१५ आला, तर उरलं ०.१०, आणि इन्हिबिशन ७१%. म्हणजे इथे चूक खालच्या बाजूला होती. टॅनिन मात्र वरच्या बाजूला ओढतं. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये असतात, म्हणून आकडा पाहून अंदाज बांधायचाच नाही. ट्यूब दुप्पट होतात, रसायन जास्त लागतं, हे खरंय. तरी लावा.

टॅनिनची शहानिशा स्वस्तात होते. टॅनिन ओढून घेणाऱ्या पीव्हीपीपीच्या १०० मिग्रॅ पुडीत १ मिली पाणी नि १ मिली अर्क, ४ अंशांवर १५ मिनिटं, सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी पुन्हा तपासा. अर्क निम्मा पातळ झाला आहे, तेव्हा तुलनाही निम्म्या केलेल्या मूळ अर्काशीच करा. इन्हिबिशन कोसळलं तर संशय पक्का करायला तोच अर्क ट्रिप्सिनवर टाका. ट्रिप्सिन हे दुसरंच एन्झाइम, जवळपास प्रत्येक विभागात असतं. दोन्ही सारखेच थांबले तर तो एसीई इन्हिबिटर नव्हे. पीव्हीपीपी फ्लॅव्होनॉइडही थोडे ओढतं, म्हणून एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नका.

‘अरे, आकडा छान आलाय, लिहून टाक’ म्हणणारा गाईड प्रेमळ वाटतो, पण व्हायव्हाला तो बाजूला बसलेला असतो. उलट प्रत्येक ग्राफला ‘ब्लँक कुठाय?’ विचारणारा खडूस माणूस मिळाला तर सोडू नका. आणि डॉकिंगची (संगणकावर रेणू प्रथिनात बसवून पाहण्याची) रंगीत चित्रं चिकटवून प्रयोग झाकता येत नाही. संगणकात टॅनिन प्रथिनाला गोळा करून खाली बसत नाही.

अजून एक, याच्याकडे कुणी बघत नाही. एसीई जस्तावर चालतं. शेजारच्या बाकावर पाण्याच्या कठीणपणाचं ईडीटीए टायट्रेशन चालतं आणि त्याच काचेत तुम्ही बफर करता. उरलेला ईडीटीए जस्त पकडतो, एन्झाइम मरतं आणि अर्काचं कौतुक होतं. काच वेगळी ठेवा.

एन्झाइम हिवाळ्यात मागवा, लहान ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला ठेवा. लोडशेडिंगमध्ये वितळलेली ट्यूब पुन्हा गोठवू नका, फेकून द्या. फार जीवावर येतं, पण द्या.

तुलनेसाठी वापरायच्या कॅप्टोप्रिल या एसीई अडवणाऱ्या औषधाचं द्रावण रोज ताजं. त्याचा थायॉल (गंधकाचा गट) हवेत ऑक्सिडाइज होऊन डायसल्फाइड बनतो. त्याचं आयसी-५०, म्हणजे एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा, नॅनोमोलरमध्ये यायला हवं. मायक्रोमोलरकडे सरकलं तर त्या दिवशीचे सगळे अर्क बाद धरा आणि एन्झाइमपासून पुन्हा तपासा.