दोन दिवसांचं शूट: आधीचं गणित, सेटवरची वही आणि नंतरची बैठक

कॉलेजच्या शॉर्टफिल्मचं शूट बहुतेक वेळा वेळेत फसतं, कॅमेऱ्यात नाही. म्हणून आधी गणित करा. सहा पानांची पटकथा, म्हणजे साधारण सहा मिनिटांची फिल्म, शनिवार-रविवारी जुन्या वाड्यातल्या एका खोलीत आणि बाहेरच्या चहाच्या टपरीवर शूट करायची आहे असं धरू. नवख्या युनिटला एका सेटअपला (कॅमेरा आणि लाइट यांची एक मांडणी) लाइट लावायला वीस मिनिटं, तालमीला दहा आणि टेक (शॉटचा एकेक प्रयत्न) घ्यायला दहा मिनिटं लागतात. एकूण चाळीस. जेवण, चहा, सामानाची हलवाहलव वगळून दिवसाचे नऊ तास हातात राहिले, तर तेरा सेटअप होतात. दोन दिवसांचे सव्वीस. त्यातले दोन राखून चोवीसच धरा. शॉट डिव्हिजनमध्ये, म्हणजे सीनच्या शॉटमध्ये केलेल्या वाटणीत, चाळीस शॉट असतील, तर ते सेटवर कापले जाणारच, आणि तिथे घाईत नेमके हवे असलेले कापले जातात. घरी बसून कापा. प्रत्येक शॉटपुढे लिहा: हा नसेल तर गोष्ट कळेल का? कळत असेल तर तो यादीच्या तळाला.

मग क्रम लावा. पटकथेतला क्रम विसरा, प्रकाशाचा आणि दिशेचा क्रम धरा. खोलीतला मास्टर, म्हणजे सगळा सीन एकत्र दाखवणारा रुंद शॉट, आधी, मग कॅमेरा खिडकीकडे बघतो ते सगळे शॉट, मग एकदाच फिरून दाराकडचे. दर संवादाला कॅमेरा इकडून तिकडे नेलात तर दर वेळी लाइट हलवावे लागतील आणि तेरातले पाच सेटअप तिथेच जातील. टपरीचे शॉट सकाळी सात ते नऊ. त्यानंतर ऊन डोक्यावर येतं आणि डोळ्यांखाली काळं पडतं. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ‘संध्याकाळचा सीन पाचला सुरू करू’ म्हणालात तर एक तासही मिळत नाही.

रेकी, म्हणजे जागेची आधीची पाहणी, शूटच्याच वेळेला करा. सकाळचं शूट असेल तर सकाळी जा. खोलीत पाच मिनिटं डोळे मिटून गप्प बसा आणि ऐकू येईल ते लिहून काढा: पाण्याची मोटार, कुकरच्या शिट्ट्या, देवळातला भोंगा, शाळेची घंटा. एक टाळी वाजवा. घुमली तर गोधड्या आणि सतरंज्या न्याव्या लागणार. विजेचे पॉइंट तपासा. ५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर ११०० वॉटच्या पुढे भार टाकू नका, जुन्या वाड्यात तर तेवढाही नको. एक किलोवॉटचा एक लाइट म्हणजे तो पॉइंट संपला. फ्रिज घरघरतो म्हणून शूटपुरता बंद करावा लागतो आणि नंतर चालू करायचा हमखास राहतो. बंद करणाऱ्याने आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी. ती घेतल्याशिवाय घरी जाताच येत नाही.

परवानग्या लेखी घ्या. घरमालकाचं आणि टपरीवाल्याचं पत्र, रस्त्यावर ट्रायपॉड लागणार असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवरचा अर्ज जवळच्या पोलीस ठाण्यात. शनिवारवाड्यासारखी केंद्र-संरक्षित वास्तू हवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, आणि ती दोन दिवसांत मिळेल या भरवशावर पटकथा लिहू नका.

कॉल शीट आदल्या रात्री आठच्या आत सगळ्यांच्या फोनवर गेली पाहिजे. कोण किती वाजता, कोणता सीन, कोण काय आणणार, जवळचा दवाखाना. कोणाचा उपवास आहे हेही विचारून ठेवा. भुकेलेल्या नटाकडून दुपारी चार वाजता क्लोज (चेहऱ्याचा जवळून घेतलेला शॉट) मिळत नाही. आणि जेवण पोशाख चढवायच्या आधी. पोह्यांच्या हळदीचा डाग पांढऱ्या सदऱ्यावरून निघत नाही.

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटखाली हेच आकडे सुरक्षित. तरीही स्वस्त एलईडी लुकलुकतात, ते रेकीलाच कॅमेऱ्यातून बघून घ्या. फोनवर शूट करत असाल तर फ्रेम रेट, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस चारही लॉक करा. फ्रेम रेट फोनवर सोडला की तो शॉटच्या मधेच बदलतो आणि वेगळा घेतलेला आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो.

आवाजाला सेटवर कोणी वाली नसतो, म्हणून त्यासाठी एक माणूस नेमाच, आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झला, मोठ्यात मोठा शब्द मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. लॅपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, कडक कांजीच्या साडीवर घासतो. औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी दुहेरी करून त्यात माइक धरा. सीन संपला की कोणीही हलायच्या आधी एक मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करा. संवादांमधल्या फटी त्यानेच बुजतात.

आता वही. आखलेली साधी फुलस्केप, रकाने असे: सीन, शॉट, टेक, कार्ड, सुरू, संपला, ओके की एनजी (नो गुड, म्हणजे वाया गेलेला टेक), एनजीचं कारण. कारण एका शब्दात: फोकस, संवाद, मोटार, सावली. शेवटचा रकाना कंटिन्युइटीचा, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतं ठेवण्याचा. तिथे ‘चहाचा ग्लास’ एवढंच लिहून भागत नाही. ‘ग्लास उजव्या हातात, अर्ध्याच्या किंचित वर, “तू गेलास का” नंतर खाली ठेवतो’ असं लिहा. शिवाय फोटो काढा.

डेटाचं गणितही आधीच. सेकंदाला १०० मेगाबिटने (१०० एमबीपीएस) रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. चोवीस सेटअप, चार टेक, दीड मिनिटाचा टेक धरला तर दोन तास चोवीस मिनिटांचं फुटेज, म्हणजे १०८ जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी होऊन कोणीतरी फायली उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

बैठक पॅकअपच्या रात्री घेऊ नका. सगळे दमलेले असतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं ठरतं. तीन-चार दिवसांनी, कच्ची जोडणी बघून झाल्यावर बसा. पहिलं बोलणं एडिटरचं: काय जुळत नाही, काय नाहीच. मग वही उघडा आणि आखलेल्या वेळेपुढे खरी वेळ मांडा. एनजी कारणांप्रमाणे मोजा. ‘कोणामुळे’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कशामुळे, किती वाजता’ एवढंच विचारा.

कॉलेजचा अहवालही याच वहीतून लिहा. ‘टीमवर्क छान झालं, वेळेचं नियोजन शिकलो’ यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्याऐवजी: ‘सीन ३ मध्ये सात टेक एनजी, त्यातले पाच मोटारीच्या आवाजाने. रेकी दुपारी केली होती. टाकी सकाळी साडेसात ते सव्वाआठ भरते. पुढच्या वेळी संवादाचे शॉट साडेआठनंतर.’

पुन्हा घ्यायच्या शॉटची यादी याच बैठकीत बनते. म्हणून तोवर पोशाख परत करू नका, चहाचा ग्लास टपरीवाल्याला देऊ नका, आणि नटाला दाढी-केसांना हात लावू नको असं पॅकअपलाच सांगून ठेवा.