बायपास ऑइल फिल्टर बसवताय? जेट काढू देऊ नका

डिझेल इंजिनाचा मूळ फिल्टर साधारण 20 ते 40 मायक्रॉनचा कचरा अडवतो. त्याहून बारीक काजळी आणि धातूचा कीस तेलातच फिरत राहतो. बायपास फिल्टर थोडंसंच तेल बाजूला घेऊन सावकाश गाळतो. म्हणून मूळ फिल्टर काढायचा नाही, हा त्याच्या जोडीला.

तेल घ्यायचं ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून, सोडायचं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत. या वाटेत दीड मिलिमीटरच्या आसपास भोकाचा जेट, म्हणजे तेल मोजकंच जाऊ देणारा छोटा तुकडा, असतो. ‘तेल हळू येतंय’ म्हणून काही फिटर तो काढून टाकतात. असं अजिबात करू देऊ नका. जेट नसेल तर गरम इंजिन आयडलिंगला आलं की प्रेशर पडतं आणि बेअरिंगला तेल कमी मिळतं.

पाइप टर्बोपासून लांब न्या. चॅसीला घासत असेल तिथे रबराची नळी चढवा, कारण घासून फुटलेला पाइप काही मिनिटांत चेंबर रिकामं करतो. बसवल्यावर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडाखाली कोरडं फडकं फिरवा. मग इंजिन बंद करून, थोडं थांबून डिपस्टिक बघा. नव्या फिल्टरने प्यायलेलं तेल वरून भरावंच लागतं.